बैल, १६० एकर आणि तीन पिढ्या

अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या एखाद्या घराण्याची सहा-सातशे पानांची कादंबरी नागपुरात हातोहात फिरू लागली की तिच्याबद्दलची मतं साधारण ठरलेली असतात. पहिली शंभर पानं रेंगाळतात. नावं लक्षात राहत नाहीत. आजी जबरदस्त, नातू बेकार. आणि तिथले मूलनिवासी फक्त हल्ला करायला पानावर येतात. यातली शेवटची दोन मतं बहुतेक वेळा बरोबर निघतात, पहिल्या दोनांशी मात्र मी सहमत नाही. घराणं, जमीन आणि बैल या तिन्ही गोष्टी मुळातच सावकाश चालणाऱ्या, त्यामुळे पुस्तक सावकाश चाललं तर तक्रार कसली? अशी कादंबरी फसते ती हिशेबात. तारखा, एकर, पैसे आणि जनावरं यांचा मेळ बसत असेल तर संथ पानंही वाचवतात. तो बसत नसेल, तर डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंगही उसने वाटायला लागतात.

आधी प्रवास घेऊ. मिसुरी नदीच्या काठापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनपर्यंतची वाट सुमारे २००० मैलांची, म्हणजे ३२०० किलोमीटर. रेल्वेनं नागपूरहून मुंबईला दोनदा जाऊन यावं, जवळपास तेवढी. ही वाट बंडीनं चार ते सहा महिन्यांत कापायची. चांगल्या दिवशी १५ मैल पडत, म्हणजे २४ किलोमीटर. इथून रामटेक गाठायला दोन दिवस लागले असते. एखाद्या प्रकरणात माणसं सकाळी सपाट गवताळ प्रदेशातून निघून रात्री डोंगरात मुक्कामाला पोचत असतील तर तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा. निघण्याचा महिनाही बघा. एप्रिल संपता संपता किंवा मेमध्ये निघावं लागे. त्याआधी निघालं तर बैलांना वाटेत गवत नाही, उशीर केला तर शेवटच्या डोंगररांगेत बर्फ. स्वतंत्रता खडक या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टेकाडापाशी ४ जुलैच्या आसपास पोचलात तर वेळेत आहात, असा वाटसरूंचा ठोकताळा होता. १८४६ मध्ये डोनर कुटुंबाच्या तांड्यानं न तपासलेला जवळचा रस्ता धरला, वेळ गमावला आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांत बर्फात अडकला. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे मेले.

मुखपृष्ठावर बंडीला घोडे जुंपलेले दिसले की आतल्या मजकुराबद्दलही शंका येते. बहुसंख्य लोक बैल नेत, चार ते सहा. बैल तासाला तीन किलोमीटर चालतो, पण घोड्यापेक्षा स्वस्त पडतो, दाण्याशिवाय नुसत्या गवतावर निभावतो आणि त्याला चोरून पळवणं अवघड. बंडी म्हणजे शेतातलीच साधी गाडी, वर कापडाचं छत. आतली जागा साधारण चार फूट बाय दहा फूट, आणि ओझं टनभराच्या आसपास. त्या काळी वाटसरूंसाठी छापलेल्या पुस्तिकांत माणशी २०० पौंड पीठ आणि १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस न्यावं असं सांगितलेलं असे. चार मोठी माणसं धरली तर नुसता शिधाच १४०० पौंड झाला. त्यावर नांगर, हत्यारं, अंथरूण. म्हणजे आत बसायला जागाच उरत नाही. गाडीला स्प्रिंग नसत, त्यामुळे बसण्यात सुखही नव्हतं. लहान मुलं, आजारी आणि अवघडलेल्या बायका सोडल्या तर सगळं घर पायी चाले. तेव्हा नायिका आजीचं शिसवी कपाट ऑरेगनपर्यंत नेत असेल तर लेखकानं ते कसं नेलं हे सांगायला हवं, कारण अशी कपाटं त्या वाटेवर टाकून दिलेली पडलेली असत.

चाकाचा प्रसंग आला तर तो जरूर रेंगाळत वाचा. विदर्भातल्या शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पाटे ढिले पडतात आणि लोखंडी धाव चाकावरून सुटायला बघते. उपाय दोन. धावेखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, किंवा रात्री चाकं काढून नदीत भिजत ठेवायची म्हणजे लाकूड फुगून धाव घट्ट बसते. दुसरा उपाय एक-दोन दिवसच टिकतो, कारण लाकूड पुन्हा वाळतं. आसाला घालायचं वंगण डांबर आणि चरबीचं, त्याची बादली मागच्या आसाला टांगलेली. आस मोडली तर झाडं नसलेल्या त्या मुलखात नवं लाकूड मिळत नाही. सुटी आस बरोबर नसेल तर चारचाकी कापून दुचाकी करायची आणि उरलेलं सामान तिथंच सोडायचं. ज्या लेखकाला हे ठाऊक असतं त्याला पात्रांमधलं भांडण वेगळं रचावं लागत नाही. काय टाकायचं आणि काय ठेवायचं, यावरूनच नवरा-बायको, सासू-सून सगळी उघडी पडतात.

वाटेवरचं मरणही बघा कसं आलं ते. सर्वांत जास्त बळी पटकीनं घेतले, १८४९ नंतरच्या काही वर्षांत तर फार. एकाच पाणवठ्यावर शेकडो तांडे उतरायचे, तिथंच घाण करायचे आणि तेच पाणी प्यायचे. त्याखालोखाल चाकाखाली सापडणं, नदीत बुडणं, आपलीच बंदूक चुकून उडणं. मूलनिवासींच्या हल्ल्यांत १८४० ते १८६० या वीस वर्षांत मेलेल्या वाटसरूंचा इतिहासकारांनी काढलेला आकडा चारशेच्या आत आहे, आणि वाटसरूंनी मारलेल्या मूलनिवासींचा त्याहून जास्त. गोल रिंगणात लावलेल्या बंड्या मुख्यतः रात्री जनावरं कोंडायला असत. दर तीन प्रकरणांनी हल्ला आणि पटकीचा मात्र उल्लेखच नाही, अशा पुस्तकाला लढाईची कादंबरी म्हणावं, घराण्याची म्हणू नये.

आता जमीन. इथं बहुतेक लेखक घसरतात, आणि बहुतेक वाचक भरभर पानं उलटतात. खरं तर सगळं कथानक इथंच आहे.

फुकट जमिनीचा तो प्रसिद्ध कायदा २० मे १८६२ चा आणि लागू झाला १ जानेवारी १८६३ पासून. त्याआधीच्या काळात, ऑरेगनसारखे अपवाद सोडले तर, कोणी १६० एकर फुकट घेताना दाखवला असेल तर ती ढोबळ चूक. १८४१ च्या कायद्यानं आधी जाऊन बसलेल्याला १६० एकर घेता येत, पण एकरी सव्वा डॉलर मोजून. १८६२ च्या कायद्यात वय २१ किंवा माणूस कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिकत्वाचा अर्ज केलेला, सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला, अशा अटी होत्या. शुल्क सगळं मिळून १८ डॉलर. पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची, मग दोन साक्षीदार आणून पक्का कागद घ्यायचा. घाई असेल तर सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलरनं, म्हणजे २०० डॉलरला, तीच जमीन विकत घेता येई. अविवाहित मुलगी आणि विधवा यांना स्वतःच्या नावावर दावा करता येई. नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. त्यामुळे लग्नाआधी मुलीनं शेजारचा तुकडा आपल्या नावावर टाकून मग लग्न करणं हे कथानक अगदी कायदेशीर आहे आणि लेखकानं ते वापरलं तर शाबासकी द्यावी.

ऑरेगनमध्ये गंमत आणखी मोठी होती. १८५० च्या कायद्यानुसार तिथं आधीच वसलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४०, त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. परिणाम व्हायचा तोच झाला. घाईघाईत लग्नं लागली, आणि त्यांतल्या काही नवऱ्या अगदी कोवळ्या पोरी होत्या. ऑरेगनच्या १८५१ मधल्या लग्नाच्या प्रसंगात एकरांचा उल्लेखच नसेल, नुसतं चांदणं असेल, तर लेखकानं सर्वांत धारदार पान हातचं घालवलं असं समजा.

मोजणीही लक्षात ठेवायला सोपी आहे. एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६०. म्हणजे प्रत्येक बाजू अर्ध्या मैलाची, ८०० मीटर. जो तो आपल्या तुकड्याच्या मधोमध राहिला तर सर्वांत जवळचा शेजारी ८०० मीटरवर. शेजारीण कुंपणावरून वाटीभर साखर मागते हा प्रसंग त्यामुळे बसत नाही. बसतं ते दिवस दिवस बोलायला माणूस न मिळणं. चांगल्या कादंबरीतल्या आज्या दणकट निघतात त्या याच एकटेपणातून. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या पट्ट्यांचं घर, दोन-तीन फूट जाड भिंती, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ गळणारं छप्पर. भांड्यात चिखल पडू नये म्हणून आढ्याखाली कापड ताणत. लाकूड नाही, म्हणून सरपण गव्याच्या वाळलेल्या शेणाचं. ते वेचायला सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या बायकांचं वर्णन आपल्याकडे कुठल्याही गोवऱ्या थापणाऱ्या बाईला हसवेल.

पाऊस मात्र विसरू नका. अमेरिकेच्या साधारण मधून जाणाऱ्या शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला तो बहुतेक ठिकाणी वर्षाला ५०० मिलिमीटरहून कमी, नागपूरच्या निम्मासुद्धा नाही. तिथं १६० एकरांत घर चालत नाही. सरकारी सर्वेक्षक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात गुरं पाळणाऱ्याला २५६० एकर द्यावेत असं सांगितलं होतं, ते कोणी ऐकलं नाही. त्यामुळे दुसऱ्या पिढीतला एखादा मुलगा शेती सोडून रेल्वेत जातो तेव्हा तो दिवटा निघाला असं समजू नका, पावसाचा आकडा बघा. १८७४ ची टोळधाड, १८८६-८७ चा गुरं मारणारा हिवाळा, १२ जानेवारी १८८८ चं शाळेतल्या पोरांवर कोसळलेलं हिमवादळ, या तारखा वहीत असू द्या. काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट नोव्हेंबर १८७४ चं, घोडेस्वार टपाल एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढंच चाललं, दोन्ही किनारे रेल्वेनं जोडले गेले १० मे १८६९ ला. या तीन गोष्टींवरून बरीच पुस्तकं पकडली जातात.

नावांचं म्हणाल तर तक्रार करण्याआधी शेवटच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखा: नाव, जन्मसाल, लग्न कोणाशी, जमीन कोणाच्या नावावर. पुस्तकात छापलेला वंशवृक्ष बघू नका, त्यात कोण कधी मरणार ते आधीच कळतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत तिकडेही आहे, त्यामुळे जन्मसालाशिवाय गोंधळ ठरलेला. शिवाय बेरीज-वजाबाकीत लेखक सापडतो. १८४६ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी १८९० मध्ये ५४ वर्षांची होते. म्हणजे बंडीपासून रेल्वेपर्यंतचं सगळं एकाच बाईच्या डोळ्यांसमोर घडू शकतं, तीन पिढ्या ताणायची गरजच नाही.

आणि मूलनिवासी. इथं नागपूरच्या वाचकाला लेखकापेक्षा जास्त दिसायला हवं. हे शहर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये वसवलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. पुढच्या दशकात जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्यांना, मालकी हक्क मिळाले, जंगल सरकारचं झालं, आणि त्याच दशकात तिकडे १६० एकरांचे कागद वाटले जात होते. तिकडच्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकन कापूस अडला, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली. हे सगळं एका रकान्यात आणि शेजारी कादंबरीतल्या तारखा मांडल्या की "ओसाड जमीन" हा शब्दप्रयोग वाचताना आपोआप थांबायला होतं. विचारायचा प्रश्न एकच: या १६० एकरांवर दहा वर्षांपूर्वी कोण राहत होतं? ब्लॅक हिल्स या टेकड्या १८६८ च्या करारानं सू या मूलनिवासी लोकांना दिल्या, १८७४ मध्ये तिथं सोनं सापडलं, १८७७ मध्ये काढूनही घेतल्या. चामड्यासाठी गवे मारून टाकले, ते बरेचसे १८७० च्या दशकात. १८८७ च्या कायद्यानं सामूहिक जमिनीचे तुकडे पाडले आणि उरलेली गोऱ्यांना खुली केली. ज्या कादंबरीत घराण्यातलं कोणी तरी यातल्या एखाद्या कागदावर सही करतं, साक्ष देतं किंवा त्यातून जमीन घेतं, ती मी दोनदा वाचीन. एक शहाणा म्हातारा मूलनिवासी नायकाला निसर्गाचं ज्ञान देऊन निघून जातो, एवढ्यावर भागवणाऱ्या लेखकाला माझ्याकडून सूट नाही.

नातू बेकार का निघतो तेही याच हिशेबात आहे. १८९० च्या जनगणनेनंतर वस्ती आणि रिकामा मुलूख यांच्यामधली सलग कड आता दाखवता येत नाही असं जाहीर झालं. पुढची भांडणं गहाणखत, रेल्वेचं मालभाडं, गव्हाचा भाव आणि पाण्याचा हक्क यांची. ती लिहायला अभ्यास लागतो, म्हणून बरेच लेखक तिसऱ्या पिढीत प्रेमाचा त्रिकोण घालून मोकळे होतात. दुसरा खंड घ्यायचा की नाही हे ठरवताना बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या पहिलं प्रकरण चाळा. पाण्यावरच्या खटल्यानं किंवा बँकेच्या नोटिशीनं सुरुवात असेल तर पैसे टाका. मोठ्या हवेलीतल्या लग्नानं असेल, तर वाचनालयात येईपर्यंत थांबायला हरकत नाही.