मुलाने विचारलं, "तो काय म्हणाला?"

आज मुलासोबत क्रिकेटचे जुने सामने बघत बसलो होतो. २०१९ चा डर्बनचा एकदिवसीय सामना लागला. पाकिस्तानचा तेव्हाचा कर्णधार सर्फराज अहमद यष्टीमागून दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोला त्याच्या रंगावरून बोलतो, आणि स्टंप माइकमधून ते सगळ्या जगाला ऐकू जातं. मुलाने विचारलं, "बाबा, तो काय म्हणाला?" माझ्याकडून पटकन उत्तरच निघेना.

सर्फराजने माफी मागितली, आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, चार सामन्यांची बंदी घातली. ठीक. पण ते उर्दूत बोललं गेलं, समोरच्याला कळणार नाही अशा भाषेत, हे मला जास्त लागलं.

आणि आपण तरी कुठे वेगळे? वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने २०२० मध्ये सांगितलं, की हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं, म्हणजे ताकदवान घोडा. खरा अर्थ कळला तो कितीतरी वर्षांनी. लाडाने म्हणत होतो, असं सांगणारे आपल्यातही कमी नाहीत. मला ते पटत नाही.

शेवटी मुलाला सर्फराजच्या बोलण्याचा खरा अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मग बाकीचे खेळाडू का गप्प बसले?"