खोताची वाडी
आज गिरगावात खोताची वाडी पायी फिरले. लाकडी जिने, कौलारू छपरं, दारापुढचे व्हरांडे, मधेच एखादा क्रूस. आजूबाजूला टॉवर उठत असताना ही घरं अजून उभी आहेत, याचं फार अप्रूप वाटलं.

१९९५ साली मुंबईला वारसा नियमावली, म्हणजे जुन्या महत्त्वाच्या वास्तू जपण्याचे नियम, मिळाली, देशातली पहिली. तेव्हापासून वारसा यादीतल्या वास्तूत मोठा बदल करायचा तर वारसा संवर्धन समितीचं मत घेतात. समिती सल्ला देते, निर्णय महापालिका आयुक्तांचा. सीएसएमटी स्टेशनसारख्या श्रेणी १ च्या, म्हणजे यादीतल्या सर्वात वरच्या श्रेणीच्या, वास्तूकडे सगळ्या जगाचं लक्ष असतं. पण माणसं राहतात त्या घरांचं काय? कौलं परतायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, तर खर्च बहुतेकदा मालकाच्याच खिशातून. अशा घरांसाठी दुरुस्ती निधी हवाच. महापालिकेला तसं पत्र लिहायला घेतलंय, सही करणार असाल तर कळवा.