पुट्टीवाली मायनर आणि फाइलवाली मायनर

नगरला आजोबांकडं बेबी हिंदुस्थान गाडी होती, म्हणजे मॉरिस मायनरच. ती विकली तेव्हा मी लहान होतो. ऑक्सफर्डला नोकरी लागली, मायनर जिथं बनायची ते काउली बसच्या टप्प्यात आलं आणि डोक्यात किडा वळवळला.

पहिली पाहिली ती १९६७ची, हिरवी, आरशासारखी चकचकीत. जाहिरातीत 'संपूर्ण रिस्टोअर्ड'. फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात नेला होता. दाराखालच्या पट्टीला लावला तर टपकन खाली पडला. पत्रा कुठला, नुसती पुट्टी! मायनरला वेगळी चासी नाही, भार बॉडीच उचलते. ती पट्टी गेली की कणाच गेला. 'चुंबक जुना असेल,' असं विकणारा म्हणाला. मी चहा न घेताच निघालो.

दुसरी १९५९ची, दोन दारांची, ९४८ सीसीची मायनर १०००. वळताना दारामागच्या खांबातून बाहेर पडून दिशा दाखवणारे सिग्नलचे हात अजून शाबूत. रंग जरा फिकाच. पण म्हाताऱ्या मालकानं आधी जाडजूड फाइल पुढं सरकवली: कापलेला पत्रा, वेल्डिंग, उघडा सांगाडा, सगळ्याचे तारीखवार फोटो. मग जॅक लावून पुढचं चाक मला हलवून बघायला लावलं. मायनरचं पुढचं चाक खालच्या बाजूला आट्यांवर वळतं. ग्रीस चुकलं की आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक आडवं होऊन गाडी रस्त्यावरच बसते. ग्रीसगन त्यांनी गाडीबरोबर फुकट दिली, किमतीत मात्र एक पौंड सोडला नाही.

इथं चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची वार्षिक तपासणी, सहसा सक्तीची नसते. मला तिथंच भीती वाटत होती. 'माझ्या खर्चानं करू या का?' म्हटलं, तर ते लगेच तयार. माझा निर्णय खरं तर तेव्हाच झाला. मागच्या ब्रेकची गळती निघाली, ती त्यांनीच दुरुस्त केली.

नाव बदलायला दोन मिनिटं लागली. नोंदणीच्या कागदातली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी खिशात घालून मी निघणार, तोच त्यांच्या बायकोनं टॅक्सचं विचारलं. एवढ्या जुन्या गाडीला रोड टॅक्स शून्य, म्हणून मी निर्धास्त! पण शून्य असला तरी नव्या मालकाला तो काढावाच लागतो. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून फोनवर काढला.

घरी येताना पहिल्याच वळणावर सिग्नलचा हात बाहेर आला तो मिटेचना. मागं गाड्यांची रांग. खांबाला आतून एक बुक्की घातली, तेव्हा गेला आत.