भाताची पात आणि इसिसॉरस

भाताच्या बांधावरून चालताना एखादी पात बोटाला चाटून जाते आणि रक्ताची बारीक रेघ उमटते, तेव्हा एवढ्याशा पात्याला ही धार आली कुठून, असे मला लहानपणी वाटत असे. ती सिलिकेची, म्हणजे वाळूत असते त्याच द्रव्याची, करामत आहे. गवत मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते आणि पेशींमध्ये तिचे काचेसारखे सूक्ष्म कण साठवून ठेवते. पान कुजले, जळले किंवा जनावराच्या पोटात जिरले, तरी ते कण उरतात; तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघतात, तीही त्यांच्यामुळेच.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे साडेसहा कोटी वर्षांहून जुने, दगड झालेले शेण सापडते. अभ्यासक त्याला विष्ठाश्म म्हणतात; पण पालापाचोळा खाणाऱ्या जनावराच्या बाबतीत शेण हाच शब्द मला योग्य वाटतो. हे शेण बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरांचे असावे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात शोध घेतला, तेव्हा सूचिपर्णी झाडे, सायकड ही ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडे आणि ताड यांच्या अवशेषांबरोबर निरनिराळ्या गवतांचे सिलिकाकणही निघाले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवताचे असे वैविध्य असेल, असे कोणी धरून चालत नव्हते. 2005 साली ही समजूत मोडली. पुढे 2011 मध्ये त्याच शेणातल्या काही कणांचे नाते थेट भाताच्या कुळाशी जुळले. आज धान पिकवणाऱ्या चंद्रपूरने याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

जवळच्याच डोंगरगावला 1980च्या दशकात अशाच एका प्राण्याचा सांगाडा मिळाला. खोदकाम कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने केले, म्हणून संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 2003 साली तो इसिसॉरस झाला. त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द, कोलबर्टाय, हा एडविन कोलबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावावरून आला. वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर जन्मलेल्या या जीवाच्या नावात डोंगरगाव मात्र कुठेच नाही, याची मला थोडी चुटपुट लागते.

या सांगाड्यात पुढचे पाय लांब आहेत, मान त्याच्या भाऊबंदांपेक्षा आखूड आहे आणि कवटी मात्र नाही. त्यामुळे पातीने त्याची जीभ कधी कापली का, हे विचारायला समोर तोंडही नाही.