टीमच्या खात्यात शून्य, पिचरच्या खात्यात एक

न्यूयॉर्कला उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्या टिळकवाडीत पहाटेचे साडेचार. बेसबॉलच्या थेट प्रक्षेपणात पडद्यावर जे आकडे दिसतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बेळगावात बसून लिहितो. मैदानावरचा ऑपरेटर प्रत्येक खेळ नोंदवतो. खेळाडूंच्या जागांना नंबर असतात. 6-4-3 म्हणजे शॉर्टस्टॉपनं (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकानं) चेंडू उचलला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला, दोघे बाद. आम्ही आकडे साठवतच नाही. घटना साठवतो आणि दर वेळी पहिल्या चेंडूपासून हिशेब नव्यानं मांडतो. हा भाग माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या पहाटे दोन बाद असताना शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू निसटला. बॅटर बेसवर पोचला. अधिकृत स्कोअररनं एरर दिली, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक म्हणून नोंदवलं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला, आणि नव्या पिचरला पहिल्याच बॅटरनं होमरन मारला. बेसवरच्याचा एक आणि मारणाऱ्याचा एक, दोन रन. आमचा स्क्रीन लाल.

क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा बॉलरच्याच माथी. इथं तसं नाही. एरर झाली नसती तर इनिंग तिथंच संपली असती, म्हणून टीमच्या हिशेबात दोन्ही रन अनअर्न्ड, म्हणजे पिचिंगच्या माथी न लागणारे; माथी लागतात ते अर्न्ड. पण बेसबॉलच्या नियमपुस्तकातल्या नियम 9.16 प्रमाणे मधेच आलेल्या पिचरला आधी हुकलेल्या आउटचा फायदा मिळत नाही. होमरन मारणाऱ्याचा रन त्याच्या नावावर अर्न्डच लागतो. टीमला शून्य, पिचरला एक. बेरीज जुळत नाही, आणि न जुळणं हेच बरोबर आहे.

आमच्या तपासणीत मात्र कुणीतरी 'पिचरांची बेरीज म्हणजे टीमची बेरीज' अशी अट घालून ठेवलेली. ग्राफिक अडकलं.

"सर, नियम हाय खरं, टोटल लागंना की," गोकाकचा सहकारी म्हणाला.

वरिष्ठांचा फोन आला: पिचरचा शून्य करा, ग्राफिक सोडा. मी नाही म्हटलं. खरा ताळा नियमपुस्तकातच दिलाय: बॅटिंगला आलेले सगळे म्हणजे रन झालेले, बेसवर राहिलेले आणि बाद झालेले. पतसंस्थेच्या रोजमेळासारखा तो जुळलाच पाहिजे, आणि तो जुळत होता! पण सामना कधी बघायचाच नाही आणि बेरजा तेवढ्या बघायच्या, अशा माणसांना हे पटत नाही.

वाद चालू असतानाच स्कोअररनं रिप्ले बघून एररची हिट केली, म्हणजे चूक नव्हे, बॅटरनंच फटक्यावर बेस मिळवला असं ठरवलं. निर्णय फिरवायला त्याला सामन्यानंतरही 24 तास असतात. आमचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून फिरला: दोन्ही रन अर्न्ड, आधीच्या पिचरला एक, नव्याला एक, टीमला दोन. बेरीज जुळली, लाल गेलं. "झालं की मग!" म्हणून सगळे चहाला उठले.

काहीच झालेलं नाही. अट तिथंच आहे. एखाद्या सामन्यात स्कोअरर आपल्या एररवर ठाम राहील आणि पडदा पुन्हा अडकेल, किंवा घाईत कुणीतरी पिचरचा खरा आकडा पुसून टाकेल. माझी तक्रार 'नंतर बघू'मध्ये पडून आहे. तो खेळ मी एररसकट सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टमध्ये घालून ठेवलाय. ती टेस्ट रोज नापास होते, आणि वरिष्ठ विचारतात, ही काढून का टाकत नाही?