चेतारा: अमाल्फी किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव

इटलीत सालेर्नोहून अमाल्फीला जाणाऱ्या बसमध्ये डावीकडची खिडकी पकडा. व्हिएत्री हे गाव मागे पडलं की समुद्र त्याच बाजूला दिसतो आणि थोड्याच वेळात दरीच्या तोंडाशी चेतारा येतं. गाडीतले बहुतेक प्रवासी पुढे अमाल्फीला जातात. आम्ही इथेच उतरलो आणि तीन दिवस राहिलो.

वस्ती जेमतेम दोन हजारांची, पण बंदरात ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या बोटी उभ्या होत्या. गावाचं नावच लॅटिनमधल्या ‘चेतारिया’वरून, म्हणजे मासळीच्या जागेवरून, आलं असं मानतात. किनाऱ्यावरचा दगडी बुरूज समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला. ती भीती खरी होती: 1534 मध्ये तुर्की आरमाराने गावावर धाड घालून शेकडो माणसं गुलाम करून नेली. आता बुरुजात संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पण मी इथे आले ती ‘कोलातुरा’साठी, म्हणजे खारवलेल्या माशांच्या अर्कासाठी. अलिची हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. वसंतापासून जुलैपर्यंत तो रात्री दिव्यांच्या उजेडात पकडतात. डोकं आणि आतडी हाताने काढून चेस्टनटच्या लाकडाच्या लहान पिंपात एक थर माशांचा, एक मिठाचा असं रचतात आणि वर जड दगड ठेवतात. हळूहळू सुटणारं पाणी गोळा करून उन्हात मुरवतात, मग तेच पुन्हा पिंपात ओततात. थरांमधून झिरपत ते तळाच्या छिद्रातून थेंबथेंब खाली येतं. डिसेंबरच्या सुरुवातीला हा सोनेरी-तांबूस अर्क तयार होतो आणि नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी स्पॅगेटीवर पडतो. प्राचीन रोमन लोकांच्या ‘गारुम’चा, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या रसाचा, हा वारस. 2020 मध्ये त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. मालवणला आजी बांगडा खारवायची, तेव्हा सुटलेलं पाणी ओतून द्यायची. इथे त्याच पाण्यासाठी महिनोन् महिने वाट पाहतात, हे बघून मी त्या पिंपापुढे बराच वेळ उभी राहिले.

बाटली आणलीत तर एक लक्षात ठेवा: कोलातुरा शिजवायची नसते. लसूण, मिरची, पार्स्ली आणि ऑलिव्ह तेलात ती कच्चीच मिसळायची आणि पास्त्याच्या पाण्यात मीठ अजिबात घालायचं नाही. विमानात बाटली चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून द्या. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा, कारण हा अर्क इथे भाज्यांवरही घालतात. लिंबाचं मात्र सगळंच खा. मागच्या डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची लिंबाची शेती आहे. तिथे सकाळी लवकर चढा, दुपारी ऊन सोसत नाही.

जमलं तर 29 जूनला या, सेंट पीटरच्या सणाला. रंगीत फरशांच्या घुमटाच्या चर्चमधून मूर्ती बंदरावर बोटींपाशी येते. परतताना खांदेकरी ती घेऊन चर्चच्या पायऱ्या धावत चढतात. शेजारच्या आजीबाई तेव्हा माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. त्या रात्रीसाठी खोली फार आधी ठरवा.

बसचं तिकीट चढण्याआधीच तंबाखूच्या दुकानातून घ्या. उन्हाळ्यात सालेर्नोहून बोटही असते. समुद्र शांत असेल तर परतीला तीच निवडा. गाडी मात्र आणू नका, ठेवायला जागा मिळत नाही.