खंड्याच्या खालचे पुस्तक

परवा दुपारी एका बालवाचनालयात छताला दोऱ्याने टांगलेला पुठ्ठ्याचा खंड्या पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश गिरक्या घेत होता. तो शोभेचाच असणार, असे मी मनाशी धरले होते. तेवढ्यात एका मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि नेमके त्याच्या खालच्या फळीवरून पक्ष्यांचे पुस्तक काढले. विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात पक्ष्यांचा वर्गांक ५९८ आहे, हे तिला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते; खंड्या मात्र तिच्या ओळखीचा होता.

एरवी वाचनालयातल्या सजावटीविषयी माझे मत फारसे बरे नाही. लहानपणी आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी टेबलावर पांढरी चादर अंथरून कोरी करकरीत पुस्तके पायऱ्यापायऱ्यांनी मांडली जात, कडेने झेंडूच्या माळा आणि घोटीव कागदाच्या पताका लागत, आणि मधोमध वळणदार अक्षरांत पाटी असे : ‘कृपया पुस्तकांना हात लावू नये’. आम्ही हात मागे बांधून, देवदर्शनाच्या रांगेत सरकावे तसे, मुखपृष्ठे पाहत पुढे सरकत असू. दुसऱ्या दिवशी पुस्तके काचेच्या कपाटात जात आणि किल्ली खणात. त्यांतल्या एका मुखपृष्ठावरचे शिडाचे गलबत मला अजून आठवते. आत काय होते, ते शेवटपर्यंत कळले नाही.

ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतला पहिलाच नियम. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालणारेही मुलांचे फलक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात, याची मला गंमत वाटते. महाराष्ट्रातल्या २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीने थर्माकोलचे किल्ले आणि कमानी गेल्या, हे एका परीने बरेच झाले, कारण त्यांच्यापुढे पुस्तके ओशाळल्यासारखी दिसत.

माझ्या मते पावसाळ्यात बेडकांची, गोगलगायींची आणि ढगांची पुस्तके मुखपृष्ठ समोर ठेवून, सात वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा फळीवर मांडावीत, आणि संध्याकाळपर्यंत त्या फळीला खिंडारे पडावीत. ती बुजवायला दुसऱ्या प्रती लागतात. पताकांसाठी आपल्याकडे वर्गणी निघते. दुसऱ्या प्रतीसाठी निघालेली मी अजून पाहिलेली नाही.